तांदूळ आला, पण डाळ कुठून आणायची?



या पानावर आपण आजारांबद्दल आणि औषधांबद्दल बोलतो. या वेळी त्याच्या आधीची गोष्ट घेऊ: आपल्या ताटात काय पडते आणि ते किती लांबून येते. घरात काय शिजवावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. हिरवी भाजी खा, डाळ खा, अंडी खा, असे दवाखान्यातही सांगतात. पण ती भाजी, ती डाळ, ती अंडी आपल्या वस्तीपासून किती कोसांवर मिळतात, हे कोणी विचारत नाही. ते आपण विचारू.

हिरव्या तालुक्यातले वाळवंट

किराणा आणि ताजे अन्न जवळपास मिळत नाही अशा भागाला जगात 'अन्नाचे वाळवंट' म्हणतात. हा शब्द १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाला. स्कॉटलंडमधल्या सरकारी घरकुलांच्या एका गरीब वस्तीतल्या माणसाने तो पहिल्यांदा वापरला, असे सांगतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने पुढे त्याचे मोजमाप ठरवले. वस्ती गरीब असेल आणि मोठे किराणा दुकान शहरात १ मैलाहून म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरहून, तर खेड्यात १० मैलांहून म्हणजे सुमारे १६ किलोमीटरहून दूर असेल, तर तो भाग अन्नाच्या दृष्टीने वंचित धरतात.

कुरखेडा तालुका तर जंगलाचा, तलाव-बोड्यांचा आणि धानाचा. इथे वाळवंट म्हटले तर हसू येईल. पण मोजून पाहा. पुराडा, मालेवाडा, कढोली, अंगारा या बाजूंच्या आतल्या टोल्यांतून ताजी भाजी, डाळ, तेल, फळे घ्यायची तर आठवडी बाजार गाठावा लागतो, नाहीतर कुरखेड्याला यावे लागते. जास्त सामान आणि बरा भाव हवा असेल तर वडसा. अमेरिकेतले १६ किलोमीटर लोक मोटारीने जातात. आपल्याकडे तेच अंतर पायी, सायकलने किंवा एसटीची वाट पाहून कापायचे असते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागते, त्याचा आधार झाला आहे. पण बस दिवसातून एक-दोनदाच येत असेल, तर बाजाराला जाणाऱ्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, ती वेगळीच.

बाजारातून आणलेली पालेभाजी घरात फ्रीज नसेल तर दोन दिवसांत सुकते. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस भाजीचे, बाकीचे दिवस आलू-कांद्याचे, आणि शेवटी भात आणि मिरचीचे. आषाढ लागला की आणखी ओढ. घरातले जुने धान्य सरत आलेले, रोवणीचे कष्ट अंगावर, नाल्याला पूर आला की रस्ता बंद, आणि बाजारात भाजी महाग. ज्या महिन्यांत अंगाला सगळ्यात जास्त अन्न लागते, त्याच महिन्यांत ते सगळ्यात कमी मिळते.

महिन्याचा हिशेब

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. या कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दर माणशी दरमहा ५ किलो, तर अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. आपल्या धानाच्या पट्ट्यात त्यात मुख्यतः तांदूळच असतो.

पाच माणसांचे एक घर धरा. रेशनमधून २५ किलो धान्य येते. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सांगितलेले मोठ्या माणसाचे दिवसाचे ताट पाहा: सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य, ४०० ग्रॅम भाजी, शिवाय फळ, दूध, थोडे तेल आणि शेंगदाण्यासारखे तेलबी. मांस, मासळी, अंडी खाणारा माणूस डाळीचा काही भाग त्यातून भरून काढू शकतो.

या हिशेबाने पाच जणांना महिन्याला जवळपास पावणेतेरा किलो डाळ लागते. लेकरांना कमी लागते, म्हणून निम्मीच धरू. तरी सहा किलो झाली. भाजी दिवसाला दोन किलो, म्हणजे महिन्याला ६० किलो. रेशनच्या थैलीत दर महिन्याला येणारी डाळ किती? शून्य. भाजी? शून्य.

म्हणून आपल्या घरांत पोट भरते, पण अंग भरत नाही. भाताने ताकद मिळते, पण मांस, रक्त आणि हाडे घडायला जे लागते ते भातात पुरेसे नाही. डाळ आणि भात एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. नुसता भात एकटा पडतो.

अंगावर काय दिसते

डाळ, अंडी, मासळी कमी पडली की लेकरू वयाच्या मानाने ठेंगणे राहते आणि पुन्हा पुन्हा आजारी पडते. हिरवी पालेभाजी आणि लोह कमी पडले की बायांच्या अंगातले रक्त उतरते. थोडे चालले की धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, जीभ-नखे पांढुरकी दिसणे ही त्याची लक्षणे. मोठ्या बाईचे हिमोग्लोबिन १२च्या खाली आणि गरोदर बाईचे ११च्या खाली गेले, तर तो रक्तक्षय समजावा. उपकेंद्रात तपासणी होते. "बायांना असेच होते" म्हणून सोडून देऊ नये.

आपल्या भागात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. गडचिरोली-चंद्रपूरकडे आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजातही हा आजार आढळतो. तो आई-वडिलांकडून येतो. अन्न कमी खाल्ल्याने तो होत नाही आणि चांगले खाल्ल्याने जात नाही. पण सिकलसेलच्या माणसाला उपाशी राहणे, पाणी कमी पिणे आणि उन्हात राबणे जास्त बाधते. त्याच्या ताटात डाळ, भाजी आणि भरपूर पाणी हवेच, आणि फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. लोहाची गोळी मात्र सिकलसेलच्या रुग्णाने मनाने घेऊ नये, आधी डॉक्टरांना विचारावे. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. लग्नाआधी मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे.

आणखी एक शंका वस्त्यांतून नेहमी ऐकू येते: रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे आहेत. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून तसे दाणे बनवतात आणि साधारण शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात तांदळात घालतात. धुताना ते वर तरंगतात आणि रंगाने जरा वेगळे दिसतात. ते वेचून फेकू नका आणि तांदूळ फार चोळून धुऊ नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल, तर असा तांदूळ येतो हे डॉक्टरांना सांगा आणि त्यांचा सल्ला घ्या.

भात पसावून पेज टाकून देण्याची सवयही मोडली पाहिजे. तांदळातली काही जीवनसत्त्वे त्या पाण्यात उतरतात. पेज डाळीत घाला किंवा मीठ घालून प्या. जेवणानंतर लगेच चहा पिऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी कमी लागते. लिंबू किंवा आवळा जेवणात असला तर ते जास्त लागते.

भुकेल्याला आधी जेवू घाला

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी गावची एक हकिकत आहे. भगवान बुद्ध तिथे उपदेशासाठी आले. एका गरीब शेतकऱ्यालाही तो ऐकायचा होता, पण त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधून आणेपर्यंत उशीर झाला. तो उपाशीपोटीच सभेत येऊन पोचला. बुद्ध त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवण द्यायला सांगितले. तो जेवून शांत बसला, मगच उपदेश सुरू झाला. काही भिक्खूंना हे खटकले. तेव्हा बुद्धांनी समजावले की भूक हा सगळ्यात मोठा रोग आहे आणि भुकेने पिडलेल्याच्या मनात धम्म उतरत नाही.

आरोग्याच्या पानाला याहून चांगला आधार कोणता? भुकेला रोग म्हटले की तिचे कारण शोधणे आणि उपाय करणे आले. नशिबाला दोष देणे संपले.

अन्न कसे मिळते, यालाही आपल्याकडे इतिहास आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचे मांस आणि वाढून टाकलेले शिळे तुकडे सोडायला सांगितले. पोटाचा प्रश्न होता, तरी त्यांनी आधी मान सांगितला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला त्यांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा आपल्या याच भागातली माणसे त्या मानाची वारस झाली. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या संविधानात अनुच्छेद ४७ आहे. लोकांचे पोषण सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे तो सांगतो. तेव्हा रेशन दुकानात हात पसरल्यासारखे उभे राहू नका. तिथे आपण हक्काचे घ्यायला जातो.

दुकान कोणाच्या दारात?

अंतर फक्त किलोमीटरचे नसते. गावातले रेशन दुकान, अंगणवाडी, पाण्याची टाकी कोणत्या मोहल्ल्यात आहे, यावरही कोणाला किती मिळते ते ठरते. डॉ. सुखदेव थोरात आणि जोएल ली यांनी याचा अभ्यास केला. राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या पाच राज्यांतल्या ५३१ गावांच्या पाहणीवर आधारलेला त्यांचा लेख २००५ साली प्रसिद्ध झाला. रेशन आणि शाळेतले जेवण दलितांपर्यंत पोचताना मापात, वागणुकीत आणि जागेत भेदभाव होतो, हे त्यात पुढे आले. दुकान किंवा जेवणाची जागा सवर्ण मोहल्ल्यात असली की दलितांची अडचण वाढते, हेही दिसले. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता. आपल्या गावात काय आहे ते आपणच पाहायचे आहे.

न्यायालयाने या बाबतीत आपल्या हाती काही हत्यारे दिली आहेत. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ रोजी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यायला सांगितले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशानुसार ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यावर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. आपल्या टोल्यात मुले किती, हे मोजायला एक संध्याकाळ पुरते.

रेशन: काय तपासावे

१. कार्डावर सगळ्यांची नावे आहेत का? नवी सून आणि जन्मलेले लेकरू यांची नावे राहून जातात. दोन नावे राहिली तर प्राधान्य कुटुंबाचे दरमहा १० किलो आणि वर्षाला १२० किलो धान्य बुडते. ई-केवायसी सगळ्यांची झाली आहे ना, तेही पाहा.

२. घरातली अठरा वर्षांवरची सर्वात मोठी स्त्री कार्डावर कुटुंबप्रमुख असते, असे कायदा सांगतो. कार्ड तिच्या हाती असावे.

३. अंगठा जुळला नाही किंवा मशीनला नेटवर्क नाही, म्हणून धान्य नाकारता येत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना तसे कळवले आहे. म्हाताऱ्यांचे आणि मजुरांचे अंगठे झिजतात, हा त्यांचा दोष नव्हे.

४. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: 'एक देश एक रेशन कार्ड' योजनेमुळे कामाच्या गावीही धान्य उचलता येते. घरी राहिलेले आपला वाटा इथे घेऊ शकतात.

५. पावती मागा. मापात कमी आले तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या क्रमांकावर तक्रार करा. तहसील कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत.

६. प्रत्येक दुकानावर दक्षता समिती असावी आणि तिच्यात अनुसूचित जाती, जमाती व महिलांना प्रतिनिधित्व असावे, असे कायद्याचे कलम २९ सांगते. आपल्या दुकानाच्या समितीत कोण आहे? आपल्या वस्तीतली बाई त्यात आहे का?

७. नवीन दुकान देताना ग्रामपंचायत, बचत गट, सहकारी संस्था यांना प्राधान्य द्यावे, असेही कायद्यात आहे. टोल्यातला महिला बचत गट अर्ज करू शकतो.

डाळ मागितली पाहिजे

रेशनमध्ये डाळ देता येत नाही, हे खरे नाही. आपल्या तालुक्याला लागूनच छत्तीसगड आहे. तिथल्या सरकारने २०१२ साली स्वतःचा अन्न सुरक्षा कायदा केला. त्यात अनुसूचित क्षेत्रातल्या गरीब कुटुंबांना ५ रुपये किलोने २ किलो चणा देण्याची तरतूद केली आणि आयोडीनयुक्त मीठही ठेवले. तमिळनाडूत २००७ पासून रेशनवर तूरडाळ आणि पामतेल स्वस्तात मिळते. आपल्या राज्यात 'आनंदाचा शिधा' आला, तेव्हा १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल मिळाले. २०२३ साली गुढीपाडवा आणि बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्तही तो दिला गेला. म्हणजे दुकानातून डाळ वाटता येते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पण अंगाला डाळ सणापुरती लागत नाही, रोज लागते.

कुरखेडा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. सीमेपलीकडच्या कायद्यात चणा असू शकतो, तर इकडे का नाही? हा ठराव ग्रामसभेत आदिवासी बांधवांसोबत मिळून मांडावा. भूक दोघांचीही आहे.

अंगणवाडी आणि शाळा

शाळेच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, असे ठरलेले आहे. पातळ पाण्यासारख्या वरणातून ती मिळत नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांनी आठवड्यातून एकदा ते जेवण चाखून पाहावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि लोकसहभागातून पैसा उभा करावा असे सांगितले. जिथे लोकांच्या हातीच पैसा नाही, तिथे याचा अर्थ काय होतो तो उघड आहे. अंड्याची मागणी सोडू नये. डाळ-भाजी दुर्मीळ असलेल्या गावात अंडे हे सगळ्यात सोपे अन्न आहे: सोलायचे आणि खायचे, त्यात भेसळ नाही आणि मापात चोरी नाही.

अनुसूचित क्षेत्रात गरोदर व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. आपल्या अंगणवाडीत यादीवर कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत आणि का, हे अंगणवाडी सेविकेला विचारा. ती आपलीच बहीण आहे, विचारताना भांडू नका.

जंगल, बोडी आणि अंगण

बाजार लांब असला तरी जंगल जवळ आहे. पावसाळ्यात तरोटा, कुड्याची फुले, वास्ते, सात्या आपण खात आलो. 'गरिबाची भाजी' म्हणून तरुण पोरे नाक मुरडतात. पण बाजारच्या सुकलेल्या पाल्यापेक्षा ताजा तरोटा कधीही चांगला. सात्या मात्र ओळखणाऱ्या जाणत्या माणसानेच वेचाव्यात. शंका आली तर टाकून द्याव्यात.

जंगलावरचा हक्कही समजून घेऊ. २००६च्या वनहक्क कायद्यात जे आदिवासी नाहीत त्यांना वैयक्तिक दाव्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. तिथे आपली पुष्कळ घरे अडतात. पण सामूहिक वनहक्क ग्रामसभेला मिळतो, आणि गावातला प्रत्येक प्रौढ माणूस ग्रामसभेचा सभासद असतो. शेजारच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली असा हक्क मिळाला. ग्रामसभेला जाणे म्हणजे रानभाजी, मोहफूल, चारोळी यांतला आपला वाटा राखणे. कुरखेड्यात 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था १९८४ पासून गावांच्या आरोग्याचे काम करते आहे. अशांची साथ घ्यावी.

तलाव-बोडीतली बारीक मासळी काट्यासकट खाल्ली तर प्रथिने आणि चुना दोन्ही मिळतात. वाळवून ठेवली की पावसाळ्यात कामी येते. अंगणात चार हात जागा असली तरी एक मुनगा लावावा. त्याचा पाला वर्षभर भाजीला होतो. सांडपाण्यावर धोपा, अंबाडी, कुंपणावर वालाचा वेल येतो. दोन-चार कोंबड्या असल्या तर अंडी विकण्याआधी घरच्या गरोदर बाईला आणि लेकरांना द्यावीत.

लाखोळीबद्दल सांगितले पाहिजे. धानाच्या बांध्यांत निघणारी ही डाळ स्वस्त आणि प्रथिनांनी भरलेली आहे, पण तिच्यात एक विषारी घटक असतो. महिनोनमहिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतली ताकद जाऊन कायमचे पंगुत्व येऊ शकते. दुष्काळात असे घडलेले आहे. म्हणून लाखोळी इतर डाळींसोबत, अधूनमधून आणि थोडीच खावी. शिजवण्याआधी भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी फेकावे, आणि उकळल्यावर पहिले पाणीही ओतून द्यावे.

टपरीवर काय मिळते

ज्या टोल्यात पावशेर डाळ मिळत नाही, तिथल्या टपरीवर खर्रा मिळतो, कुरकुरे मिळतात, रंगीत थंड पेय मिळते. एका खर्र्याचे २० रुपये धरले आणि दिवसाला दोन धरले, तर महिन्याचे १,२०० रुपये होतात. तेवढ्यात घरातल्या पाच जणांच्या महिन्याच्या डाळीचा मोठा भाग येतो. शिवाय खर्र्याने तोंडाचा कर्करोग येतो आणि भूक मरते. तो खाणाऱ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण ही बेरीज घरात सगळ्यांसमोर एकदा मांडावी.

विहारात सुरुवात करू

वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आपण विहारात जमतो. याच महिन्यांत आपल्या ताटाला ओढ असते. वाचन-वंदना झाल्यावर अर्धा तास या कामाला द्यावा.

पहिल्या आठवड्यात वस्तीचा नकाशा काढा. रेशन दुकान, अंगणवाडी, बाजार, डाळ मिळणारे दुकान किती लांब आहे, पावसात कुठली वाट बंद होते, हे त्यावर लिहा.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांची रेशन कार्डे आणा. लिहिता येणाऱ्या मुलामुलींनी कोणाचे नाव राहिले त्याची यादी करावी आणि अर्ज भरून द्यावेत.

तिसऱ्या आठवड्यात महिला मंडळाने डाळीची भिशी सुरू करावी. दहा घरांनी पैसे गोळा केले की वडशाच्या बाजारातून एकीने जाऊन डाळीची गोणी आणायची. दहा जणींची मजुरी आणि भाडे वाचते, आणि ठोक भाव मिळतो.

चौथ्या आठवड्यात ग्रामसभेसाठी ठराव लिहा: रेशनमध्ये डाळ, शाळेत अंडे, दक्षता समितीत वस्तीची बाई.

उपोसथाबद्दल एक सूचना. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले, सिकलसेलचे आणि साखरेचे रुग्ण यांनी उपवास धरू नये. वंदना आणि शीलपालन त्यांनी जरूर करावे, पण जेवून करावे. आळवीच्या शेतकऱ्यालाही बुद्धांनी आधी जेवायलाच बसवले होते.

नकाशा काढून झाला की वस्तीतल्या सगळ्यांनी तो एकदा पाहावा. डाळ किती लांब आहे हे कागदावर दिसले, की ती जवळ आणायला कोणाच्या दारी जायचे तेही दिसेल. ज्या वस्त्या हे काम करतील त्यांनी आपला अनुभव आम्हाला लिहून कळवावा. या पानावर त्याला जागा देऊ.

जय भीम!